वाड्यावरचा आमदार आणि पर्वरीतला आमदार

प्रश्न गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका सरपंचाचा आहे. वय ३३, पंच म्हणजे पंचायत सदस्य म्हणून दुसरी खेप. लोक म्हणतात पुढच्या वेळी आमदारकीला उभा राहा, घरचे म्हणतात आधी पोटापाण्याचं बघ. त्यांनी विचारलंय: आमदारकी हे करिअर म्हणून धरता येतं का? आमदाराला नेमकं काम काय असतं, आणि त्यासाठी आत्तापासून काय शिकावं?

सरपंच, मी स्वतः कधी निवडणूक लढवलेली नाही. पण सव्वीस वर्षं आमदारांच्या मागे फाईल धरून उभा राहिलो, त्यांचा खासगी सचिव म्हणून. आमदार तीन, पक्ष मात्र पाच. कारण त्यातल्या एकाने मधल्या मध्ये दोनदा पक्ष बदलला आणि मी खुर्ची न बदलता झेंडा बदलला. तेव्हा हे उत्तर मागे उभ्या राहिलेल्या माणसाचं आहे असं समजून वाचा. माझ्या तिघांची नावं घेणार नाही. जे जाहीर आहे तेवढ्यापुरतीच बाकीची नावं येतील.

आधी घरच्यांचं. ते बरोबर बोलताहेत. आमदारकी म्हणजे पावणीत, म्हणजे लिलावात, घेतलेलं शेत. मुदत संपली की पुन्हा बोली, आणि या वेळी किती चांगलं पीक काढलं याला बोलीत किंमत असेलच असं नाही. प्रतापसिंह राणे १९७२ मध्ये पहिल्यांदा निवडून आले आणि २०२२ पर्यंत सलग आमदार राहिले. पन्नास वर्षांत एकही विधानसभा निवडणूक हरले नाहीत. या खाशांचं, म्हणजे राण्यांचं, उदाहरण देऊन कुणी तुम्हाला सांगेल की हे आयुष्यभराचं काम आहे. त्याला विचारा, लक्ष्मीकांत पार्सेकर २०१७ मध्ये मुख्यमंत्री असताना मांद्रेत पडले, ते कसं? उलटही घडतं. प्रमोद सावंत २००८ ची पाळीची पोटनिवडणूक हरले होते. २०१२ मध्ये साखळीतून आले, पुढे सभापती झाले आणि २०१९ मध्ये मुख्यमंत्री. मनोहर पर्रीकरही १९९१ मध्ये लोकसभेला पडले आणि १९९४ मध्ये पणजीतून आमदार झाले. पहिल्या पराभवाला फार घाबरू नका. घाबरायचं ते दुसऱ्या गोष्टीला: निवडून न आल्यावर सोमवारी सकाळी जायला जागा नसण्याला. माझ्या तिघांपैकी एकाकडे स्वतःचं फार्मसीचं दुकान होतं. तो पडला, तिसऱ्या दिवशी काउंटरमागे जाऊन उभा राहिला. दुसऱ्याकडे काहीच नव्हतं. तो पाच वर्षं फक्त परत निवडून यायचा विचार करत बसला, आणि त्या काळात त्याने केलेल्या तडजोडी मी माझ्या डोळ्यांनी बघितल्या. धंदा असेल तर बंद करू नका. नसेल तर आधी तो उभा करा, मग उभे राहा.

आता आकडे, कारण गोव्यातल्या आमदाराचं सगळं आयुष्य या आकड्यांनी ठरतं. आपल्याकडे विधानसभेच्या ४० जागा. घटकराज्य होण्याआधी, दमण-दीव धरून, ३० होत्या. २०२२ मध्ये राज्यात साधारण साडेअकरा लाख मतदार होते. म्हणजे एका मतदारसंघात सरासरी २९ हजारांच्या आसपास. महाराष्ट्रात तेवढे मतदार एखाद्या आमदाराच्या मतदारसंघातल्या एका कोपऱ्यात असतात. त्यात आपल्याकडे पाच-सहा पक्ष आणि दोन-तीन अपक्ष. २०२२ मध्ये सांत आंद्रेत वीरेश बोरकर ७६ मतांनी जिंकले. फोंड्यात रवी नाईक ७७ मतांनी. प्रियोळात गोविंद गावडे २१३ मतांनी, आणि साखळीत खुद्द मुख्यमंत्री ६६६ मतांनी. ७६ मतं म्हणजे किती? तुमच्या पंचायतीतल्या एका वाड्यावरची, म्हणजे वस्तीवरची, बारा-पंधरा घरं.

हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचं आपोआप कळतं. एवढ्या छोट्या मतदारसंघात मतदार आमदाराला नावानं ओळखत नाही, नात्यानं ओळखतो. सकाळी सात वाजता अंगणात माणसं येऊन बसतात. कुणाला आझिलोत, म्हणजे म्हापशाच्या सरकारी इस्पितळात, खाट हवी असते, कुणाला विजेचं कनेक्शन, कुणाचं मुंडकारीचं (दुसऱ्याच्या जमिनीवर घर असलेल्याच्या हक्काचं) प्रकरण मामलेदाराकडे अडकलेलं, कुणाला शेजाऱ्याची भिंत पाडून हवी आणि त्याच्या मागच्या बाकावर तोच शेजारी. आणि शेवटी, सगळे गेल्यावर, एक आई उरते. ती आवाज खाली आणून म्हणते, "बाब, चेड्याचें कितें तरी करचें पडटलें." मुलाचं काहीतरी करायला हवं. मी सव्वीस वर्षांत सगळ्यांत जास्त वेळा ऐकलेलं वाक्य हेच. सरकारी नोकरी. कर्मचारी निवड आयोगाचा कायदा २०१९ मध्ये आला; भरती आता आमदाराच्या घरून होत नाही असं तुम्ही त्या आईला समजावून सांगू शकता. ती मान डोलावते आणि पुढच्या सोमवारी परत येते. तिला खोटं सांगू नका, एवढंच. "बघतो" हा शब्द मी माझ्या आमदारांना वापरू द्यायचो नाही, कारण गावात "बघतो"चा अर्थ "झालं" असा घेतात.

दुपारी लग्न, संध्याकाळी फेस्त किंवा सप्ताह, रात्री मयत असलेल्या घरी भेट. लग्न चुकलं तर लोक चिडवतात. मयत चुकलं तर विसरत नाहीत. माझ्या डायरीत एक वेगळं पान असायचं: गेल्या महिन्यात वारलेल्यांची नावं, घर, वाडा, कोण भेटून आलं. हे वाचून तुम्हाला कसंसं वाटेल. मलाही पहिली दोन वर्षं वाटलं होतं. पण ज्याला हे करायला आवडत नाही, मनापासून आवडत नाही, त्यानं गोव्यात आमदारकीच्या नादाला लागू नये. सरपंच म्हणून तुम्ही हे आत्ताच करता, फक्त आत्ता एक पंचायत आहे आणि तेव्हा चार-पाच असतील. या भागात तुम्हाला मी शिकवण्यासारखं काही नाही.

माझं सांगणं पुढे सुरू होतं. वाड्यावर निवडून आलेला माणूस पर्वरीला, म्हणजे विधानसभेत, जातो आणि बहुतेक जण तिथेही मोठे पंच होऊनच राहतात. साकव, संरक्षक भिंत, रस्त्याचं हॉटमिक्स डांबरीकरण, ट्रान्सफॉर्मर. ही कामं मंत्र्यांच्या सहीशिवाय होत नाहीत, म्हणून मंत्र्यांच्या केबिनबाहेर उभं राहणं हेच काम होऊन बसतं. विरोधात असाल तर केबिन बंद. मग दोन वर्षांत कार्यकर्ते विचारायला लागतात, "तुमी विरोधात बसून आमकां कितें मेळ्ळें?" आणि त्या प्रश्नाला ज्याच्याकडे उत्तर नसतं तो एक दिवस फुटतो. लोक म्हणतात पैशासाठी फुटतात. पैशाचं मला माहीत नाही, मी मोजायला नव्हतो. पण मी जवळून बघितलेले दोन्ही वेळचे पक्षबदल या एका वाक्यानं सुरू झाले होते. आमदाराला सभागृह वापरता आलं नाही की त्याच्याकडे सत्तेशिवाय दुसरं हत्यारच उरत नाही.

सभागृह वापरणं म्हणजे भाषण ठोकणं नव्हे. भाषणं लोक दुसऱ्या दिवशी विसरतात. वापरायचा तो प्रश्न.

तारांकित प्रश्नाला मंत्री उभा राहून तोंडी उत्तर देतो आणि त्यावर पुरवणी प्रश्न विचारता येतात. अतारांकिताला लेखी उत्तर मिळतं, सोबत तक्ते. नवीन आमदाराला तारांकित आवडतो, कारण टीव्हीवर दिसतो. पण प्रश्नोत्तराच्या तासात अनेक प्रश्नांचा नंबरच लागत नाही. अतारांकित प्रश्न मात्र शांतपणे काम करतो. सरकारच्या एखाद्या खात्याला सही-शिक्क्यानिशी, ठरलेल्या मुदतीत, कागदावर खरं सांगायला लावण्याचा हक्क या राज्यात चाळीस माणसांना आहे. माहिती हक्काच्या अर्जाला टाळता येतं, वेळ काढता येतो, विधानसभेत खोटं उत्तर देणं हा मात्र सभागृहाचा हक्कभंग होतो. अधिकाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं. अधिवेशन जवळ आलं की सचिवालयात रात्री नऊपर्यंत दिवे असतात ते याच्यासाठी.

प्रश्न लिहिणं ही कारागिरी आहे आणि मी ती चुका करून शिकलो. पहिल्या वर्षी मी आमच्या साहेबांसाठी लिहिलं: अमुक गावात पाणीटंचाई आहे हे सरकारला माहीत आहे काय, असल्यास कोणती उपाययोजना केली आहे? उत्तर आलं: होय, उपाययोजना सुरू आहे. झालं. तीन आठवड्यांची मेहनत चार शब्दांत बुडाली. "आहे काय" असं विचारलं की "होय" किंवा "नाही" एवढंच मिळतं. त्यानंतर मी क्रियापद बदललं: "तपशील द्यावा." गेल्या तीन आर्थिक वर्षांत मतदारसंघनिहाय मंजूर झालेल्या कामांची यादी, अंदाजपत्रकाची रक्कम, निविदेची तारीख, कार्यादेशाची तारीख, कंत्राटदाराचं नाव, आजपर्यंत दिलेली रक्कम. असं विचारलं की खात्याला तक्ता द्यावाच लागतो, आणि तक्त्यात माणसाला लपायला जागा कमी असते.

एकदा असा तक्ता अकरा पानांचा आला. रात्री जेवून मी ओळीओळीवर पट्टी ठेवून वाचत होतो. सहाव्या पानावर आमच्याच मतदारसंघातला एक साकव दिसला, ज्याच्यासाठी साहेब दोन वर्षं खात्याचे उंबरे झिजवत होते. शेरा होता: काम पूर्ण. पैसे दिलेले. मी साहेबांना साडेअकराला फोन केला. ते म्हणाले, उद्या मी हौदात, म्हणजे सभापतींसमोरच्या मोकळ्या जागेत, उतरतो, बोंब मारतो. मी म्हटलं, उतरू नका. उतरलात तर मार्शल तुम्हाला बाहेर काढतील, फोटो तुमचा येईल आणि साकव राहील बाजूला. दुसऱ्या दिवशी अर्थसंकल्पातली त्या खात्याची मागणी चर्चेला होती. साहेब उभे राहिले, तक्त्याचं पान वाचून दाखवलं आणि एवढंच विचारलं: हा पूर्ण झालेला साकव पाहायला मंत्री महोदय कधी येतील? मी गाडी पाठवतो. सत्ताधारी बाकांवरचेही हसले. पुढच्या उन्हाळ्यात साकव बांधून झाला. पैसे आधी कुणाला गेले होते ते कधीच कळलं नाही, तो शोध आमच्या हातून राहिला. पण त्या वाड्यावर साहेबांनी नंतर कधी प्रचार केला नाही, गरजच पडली नाही. आणि हे सगळं विरोधी बाकावरून.

उत्तरात "माहिती गोळा करण्यात येत आहे" असं आलं तर सोडू नका. मंत्र्यानं सभागृहात "करतो", "चौकशी करू", "महिन्याभरात" असं म्हटलं की ते आश्वासन होतं, आणि आश्वासन समिती नावाची एक समिती फक्त याच कामासाठी असते. तिच्यात जायला कुणी भांडत नाही. सगळ्यांना लोकलेखा समिती हवी असते. तुम्ही आश्वासन समिती मागून घ्या. कंटाळवाणी आहे, बैठकीत चहा-बिस्किटांपलीकडे काही दिसत नाही, पण खात्याचे सचिव तिथे तुमच्यासमोर येऊन बसतात आणि तीन वर्षांपूर्वीच्या शब्दाचा जाब देतात. लोकलेखा समिती महालेखापालांचे अहवाल घेऊन बसते, ती अर्थातच मोलाची. पण तिथे हिशेब वाचता यायला हवा. पंचायतीचं लेखापरीक्षण तुम्ही स्वतः वाचता की सचिवाकडून ऐकता? स्वतः वाचायला आजपासून लागा.

अर्थसंकल्पाच्या मागण्यांवर कपात सूचना देता येते. धोरण मान्य नसेल तर एक प्रकार, काटकसर सुचवायची असेल तर दुसरा, आणि एखादी तक्रार मांडायची असेल तर १०० रुपयांची लाक्षणिक कपात. ती मंजूर होत नाही, होऊ नये म्हणूनच सरकारकडे बहुमत असतं. पण तिच्यामुळे तुमचा मुद्दा कामकाजात येतो आणि मंत्र्याला चर्चेच्या उत्तरात त्याला हात लावावा लागतो. गेली काही वर्षं बहुतेक वेळा मार्चच्या सुमारास अर्थसंकल्प येतो, लेखानुदान (पहिल्या काही महिन्यांच्या खर्चाची मंजुरी) होतं आणि खातेनिहाय मागण्या पावसाळी अधिवेशनात चर्चेला लागतात. म्हणून जुलै हा आमदाराचा खरा परीक्षेचा महिना, शेतकऱ्याचाही तोच. शुक्रवार खासगी ठरावांचा. शून्य तास आणि लक्षवेधी ही तापलेल्या विषयांसाठी ठेवा. रोजच्या रोज लक्षवेधी देणाऱ्याकडे कुणाचंच लक्ष जात नाही.

विधेयकं. इथे मी थोडा कडू होतो. आपले बहुतेक आमदार विधेयक वाचत नाहीत, आणि विधेयकं अधिवेशनाच्या शेवटच्या दिवसांत ढिगानं येतात. ३० जुलै २०२१ ला, अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी, भूमिपुत्र अधिकारिणी विधेयक मंजूर झालं. बाहेर लोकांनी वाचलं, गदारोळ झाला आणि ते पुढे सरकलंच नाही. लोक जे दोन दिवसांत वाचू शकले ते सभागृहाला आधी वाचता आलं नसतं का? जमिनीच्या बाबतीत तर एक शब्द इकडचा तिकडे झाला की डोंगर जातो. नगरनियोजन कायद्याच्या दुरुस्त्या बघा. १६ ब, १७(२), ३९ अ हे आकडे आज गोव्यातल्या चहाच्या दुकानात पाठ आहेत. शेत, ऑर्चर्ड (बागायत), सेटलमेंट (वस्तीची जागा) यांचं भवितव्य या उपकलमांत ठरलं, सभेतल्या भाषणात नव्हे.

आणि उलट बाजूही आहे. कुळ कायदा १९६४ चा, मुंडकार कायदा १९७५ चा, कसेल त्याची जमीन करणारी पाचवी दुरुस्ती १९७६ ची. भाऊसाहेब बांदोडकर आणि ताई काकोडकर यांच्या काळातली विधानसभा तीस जणांची, जुन्या आदिलशाही राजवाड्यात भरायची. त्या सभागृहाच्या कागदांवर तुमच्या-माझ्या आजोबांना घराखालची जमीन मागायचा हक्क मिळाला. एखाद्या गावात किती हॉटमिक्स झालं ते दहा वर्षांनी कुणाला आठवत नाही. भाऊसाहेबांचा फोटो अजून देवघराशेजारी लावलेली घरं तुमच्या तालुक्यातही असतील. (एक गंमत म्हणून सांगतो: १९६३ मध्ये ते मुख्यमंत्री झाले तेव्हा आमदार नव्हतेच. निवडणूक लढवली नव्हती. नंतर मडकईच्या पोटनिवडणुकीतून सभागृहात आले.)

आता फुटण्याचं थोडं, कारण तुम्ही विचारलं नाहीत तरी तुम्हाला ते विचारलं जाणार आहे. पक्षांतरबंदी कायदा, म्हणजे दहावं परिशिष्ट, १९८५ चं. पूर्वी एकतृतीयांश आमदार फुटले तर ती फूट चालायची. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीनं ती वाट बंद केली. उरली ती दोनतृतीयांशांच्या विलीनीकरणाची. गोव्यानं या त्रैराशिकाचा चांगलाच अभ्यास केला. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या १५ पैकी १० भाजपमध्ये गेले. १५ चे दोनतृतीयांश बरोबर १०. सप्टेंबर २०२२ मध्ये ११ पैकी ८. तिथे सात पुरले नसते. काँग्रेसच्या उमेदवारांनी त्याच वर्षी जानेवारीत देवळात, चर्चमध्ये आणि दर्ग्यात जाऊन पक्ष न सोडण्याच्या शपथा घेतल्या होत्या, हे तुम्हाला आठवत असेल. कायद्याच्या पुस्तकांतही गोवा आहे. "स्वेच्छेने सदस्यत्व सोडणे" म्हणजे राजीनामा लिहून देणंच नव्हे, वागण्यावरूनही ते ठरवता येतं, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९४ मध्ये ठरवलं ते आपल्याच रवी नाईकांच्या खटल्यात. अपात्रतेच्या याचिकेचा निवाडा सभापती करतात आणि सभापती बहुतेक सत्ताधारी पक्षाचे असतात, यावर मी वेगळं काय बोलू.

लोक शिक्षा करतात का? करतात, पण सावकाश. २०१९ च्या त्या दहांपैकी २०२२ मध्ये तिघेच परत निवडून आले. सांत आंद्रेत ७६ मतांनी पडलेले त्या दहांपैकीच एक. तरी पुन्हा आठ गेले. कारण मी वर सांगितलं ते: मंत्रिमंडळ जास्तीत जास्त १२ जणांचं, त्यापलीकडे महामंडळं, आणि चाळिसांच्या सभागृहात सत्तेबाहेर राहणाऱ्याला रिकाम्या हातानं वाड्यावर परतायची भीती. २०२२ च्या त्या घटनेनंतर विरोधी बाकांवर सात उरले. सगळे म्हणाले लोकशाही संपली. मला मात्र, कामाच्या नजरेनं, वेगळं दिसलं: विरोधकच सात, तर त्यातल्या प्रत्येकाच्या वाट्याला पुरवणी प्रश्नांची आणि बोलण्याची संधी केवढी! ज्याला प्रश्न विचारता येतो त्याच्यासाठी यापेक्षा चांगलं सभागृह नाही. एकट्या आमदारानंही अधिवेशन हलवलेलं आपण बघितलंय. पर्रीकरांचा पक्ष १९९४ मध्ये पहिल्यांदा आला तेव्हा चारच जण होते.

कायदेशीर बाबी थोडक्यात, कारण वकील तुम्हाला भेटेलच. वय २५ पूर्ण हवं आणि राज्याच्या मतदारयादीत नाव. अनामत १० हजार रुपये, वैध मतांच्या एकषष्ठांशाहून जास्त मतं मिळाली तर परत. २०२२ मध्ये गोव्यासाठी उमेदवाराच्या खर्चाची मर्यादा २८ लाख होती. प्रत्यक्षात किती होतो ते मला विचारू नका, पण खर्चाचा हिशेब निकालानंतर ३० दिवसांत द्या. न दिल्यास निवडणूक आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो, आणि असे ठरलेले लोक आहेत. दोन खड्डे खास आपल्याकडचे. एक, राज्य सरकारचं चालू कंत्राट तुमच्या नावावर असेल तर अर्ज बाद होऊ शकतो. आपले कितीतरी पंच कंत्राटदार असतात, तुम्हीही असाल तर आत्ताच मोकळे व्हा. दुसरा, कुणी हौसेनं पोर्तुगीज नागरिकत्वासाठी लिस्बनमध्ये जन्मनोंदणी करून ठेवली असेल तर नागरिकत्वाचा प्रश्न उभा राहतो. पणजीतल्या कोर्टात हा वाद येऊन गेला आहे. घरच्यांनी तुमच्या लहानपणी काही कागद केले का, आईला विचारून घ्या.

आता तुम्ही काय करावं. निवडणुकीला अजून वेळ असेल तर भाषणाचा क्लास लावू नका. सभागृहात कोकणी चालते, मराठी चालते, इंग्रजीही चालते; घरात बोलता तसं बोला. तुमच्या ग्रामसभेचं इतिवृत्त नीट लिहा, कारण तीच छोटी विधानसभा आहे. कोणता ठराव कुणी मांडला, त्याचं पुढे काय झालं, ही वही सुरू करा. जिल्हा पंचायत लढवायची का, असं विचाराल तर माझं मत "नको"कडे झुकतं: पद मोठं, अधिकार थोडे, आणि पक्षाच्या रांगेत मात्र नंबर लागतो. कुणाला वेगळा अनुभव असेल. पत्नीला, मुलांना आधी विचारा. घराचा उंबरठा सकाळी सातला दुसऱ्यांचा होणार आहे.

विधानसभेच्या संकेतस्थळावर जुन्या अधिवेशनांचे प्रश्न आणि उत्तरं आहेत. तुमच्या पंचायतीचं नाव टाकून शोधा. किती वेळा आलं, कुणी आणलं, काय उत्तर मिळालं, ते उतरवून काढा. मग तुमच्या वाड्यावरचा एक अडलेला विषय घ्या आणि त्यावर अतारांकित प्रश्नाचा मसुदा स्वतः लिहा, "तपशील द्यावा" असा. तो तुमच्या आत्ताच्या आमदाराकडे घेऊन जा. पुढे तुम्ही त्यांच्याविरुद्धच उभे राहणार असलात तरी जा. ते विचारतील किंवा नाही विचारणार. दोन्हींतून तुम्हाला त्यांच्याबद्दल आणि स्वतःबद्दल कळेल.

आणि पुढच्या पावसाळी अधिवेशनाला एक दिवस पर्वरीला या. पास आमदाराच्या कार्यालयातून मिळतो. फोन खाली ठेवावा लागतो, वर गॅलरीत कठड्यावरून वाकलात तर वॉच अँड वॉर्डचा माणूस खांद्याला हात लावतो. प्रश्नोत्तराचा तास ऐकून सगळे प्रेक्षक उठतात. तुम्ही उठू नका. रात्री आठपर्यंत थांबा, तेव्हा मागण्यांवर चर्चा चाललेली असते आणि खाली चाळीसपैकी बारा-तेरा जण बसलेले असतात. कोण बसलंय ते बघून घ्या.